बिंगलीचा पाच लॉकचा जिना पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लीड्स-ब्रॅडफर्डकडे नोकरी-शिक्षणासाठी आलेली मराठी मंडळी आणि सुट्टीत त्यांच्याकडे येणारे आई-बाबा बिंगलीबद्दल तेच ते प्रश्न पाठवत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांना सुरुवातीचे प्रश्न पुरतील. पाण्याचा खेळ समजून घ्यायचा असेल तर ९, १० आणि ११ वाचल्याशिवाय निघू नका.

१. बिंगलीला नेमकं बघायचं काय?

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशर भागात बिंगली नावाचं छोटं गाव आहे. लीड्स ते लिव्हरपूल हा १२७ मैलांचा जुना कालवा तिथून जातो. गावाबाहेर या कालव्याला एकदम मोठा चढ लागतो: जेमतेम ९८ मीटर अंतरात सुमारे १८ मीटर. तो चढ बोटींना पार करता यावा म्हणून एकाला एक जोडलेले पाच दगडी हौद, म्हणजे लॉक, बांधले आहेत. बोट पहिल्या हौदात शिरते, पाणी तिला उचलतं, मग ती दुसऱ्यात जाते, आणि अशी पाच टप्प्यांत टेकडीवर पोचते. ब्रिटनमधला हा सर्वांत खडा लॉकचा जिना. २१ मार्च १७७४ ला तो सुरू झाला आणि आजही रोजच्या वापरात आहे. पंप नाही, मोटर नाही. पाण्याचं वजन आणि माणसाचे हात यांवरच सगळं चालतं.

२. हा कालवा शेतीला पाणी द्यायला काढला होता का?

नाही. खडकवासल्याचा मुठा कालवा किंवा नीरेचे कालवे पाहिलेल्यांच्या मनात हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे कालवा म्हटला की पाटबंधारे, चाऱ्या, पाणीपाळी. इथे मात्र कालवा म्हणजे पाण्याचा रस्ता. कोळसा, चुनखडी, लोकर, कापूस असा माल बोटीत भरायचा आणि काठावरून घोडा दोराने ती बोट ओढायचा. रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी पट वजन एक घोडा पाण्यातून ओढू शकतो. या सगळ्या खर्चामागचं कारण तेवढंच. त्यामुळे कालव्याचं पाणी जवळजवळ स्थिर असतं, आणि म्हणूनच चढ-उतार आला की लॉक लागतं.

३. लॉक म्हणजे काय, अगदी सोप्या शब्दांत?

दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. खालच्या बाजूने बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, वरच्या बाजूची झडप उघडून वरचं पाणी आत सोडायचं. हौद भरतो तशी बोट वर येते. आतलं पाणी आणि वरच्या कालव्याचं पाणी एका पातळीला आलं की पुढचा दरवाजा उघडतो आणि बोट बाहेर पडते. उतरताना हेच उलट्या क्रमाने.

दरवाजे नीट बघा. दोन फळ्या एकाच रेषेत बंद होत नाहीत. नमस्काराला जोडलेल्या हातांसारख्या त्या वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात. पाणी जितकं जोर लावेल तितके त्या एकमेकींवर घट्ट बसतात. पातळीत थोडा जरी फरक असला तरी तो दरवाजा माणसाच्या ताकदीने उघडत नाही. सुरक्षेची सोय रचनेतच आहे.

४. मग त्याला जिना का म्हणायचं? ओळीने पाच लॉक असले की झालं ना?

नाही, फरक मोठा आहे. ओळीने असलेल्या साध्या लॉकांत प्रत्येक दोघांमध्ये कालव्याचा तुकडा असतो. बोट एका लॉकमधून बाहेर येते, थोडं पाणी कापते आणि पुढच्यात शिरते. जिन्यात मधला तुकडाच नसतो. खालच्या हौदाचा वरचा दरवाजा हाच वरच्या हौदाचा खालचा दरवाजा. म्हणून वेगवेगळ्या पाच लॉकांना दरवाज्यांच्या दहा जोड्या लागल्या असत्या, तर बिंगलीला सहात काम भागतं. दगडकाम वाचतं, जागा वाचते. बदल्यात काय द्यावं लागतं ते प्रश्न ११ मध्ये.

५. जायचं कसं?

रेल्वेने. लीड्स–स्किप्टन मार्गावर बिंगली स्टेशन आहे आणि लीड्सहून साधारण वीस मिनिटं लागतात. ब्रॅडफर्डच्या फॉर्स्टर स्क्वेअर स्टेशनवरूनही थेट गाडी मिळते. लंडनहून येणाऱ्यांनी किंग्ज क्रॉसवरून लीड्सला यावं आणि तिथे गाडी बदलावी. कालवा स्टेशनाला जवळजवळ चिकटूनच आहे. काठावरच्या पायवाटेला लागायचं आणि कीथली-स्किप्टनच्या दिशेने, म्हणजे चढाच्या बाजूला, चालत राहायचं. दहा-पंधरा मिनिटांत पाच लॉकच्या पायथ्याशी पोचता. गाडीने थेट वरच्या टोकापर्यंत जाता येतं, पण तिथली पार्किंगची जागा मोजकी आहे. शिवाय पहिल्यांदा हा जिना खालून वर असाच बघावा. पायथ्याशी उभं राहिल्यावर एकावर एक चढत गेलेले काळेभोर दरवाजे दिसतात, ते दृश्य वरून मिळत नाही.

६. आम्ही गेलो, पण तीनच लॉक दिसले. कुठे चुकलो?

चुकला नाहीत, लवकर थांबलात. स्टेशनाकडून येताना आधी तीन लॉकचा एक छोटा जिना लागतो. तोही त्याच काळातला आणि त्याच पद्धतीचा. बरेच जण तिथेच फोटो काढून परत फिरतात. तसंच काठाकाठाने थोडं पुढे जा, वळणानंतर पाचांचा जिना समोर येतो.

७. तिकीट आणि वेळ?

तिकीट नाही. काठावरची वाट सगळ्यांना खुली आहे, कधीही जा. बोटींसाठी मात्र ठरलेल्या वेळा आहेत, त्याबाहेर झडपांना कुलूप असतं. देखभाल ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था करते. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक जुने कालवे तिच्याकडे आहेत. बोटींच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून निघायच्या आधी ट्रस्टची वेबसाइट बघा.

नुसतं चढून-उतरून यायला अर्धा तास पुरतो. पण माझं आग्रहाचं सांगणं आहे की दोन-अडीच तास हाताशी ठेवा आणि निदान एक बोट तळापासून माथ्यापर्यंत जाताना पूर्ण बघा. तिला तास ते दीड तास लागतो. रिकामा जिना म्हणजे सुंदर दगडकाम, एवढंच. तो काम करताना पाहिला की १७७४ मध्ये लोकांना काय वाटलं असेल ते कळतं.

८. बोट दिसेलच याची खात्री कशी धरायची?

पूर्ण खात्री कुणीच देऊ शकत नाही. एप्रिल ते सप्टेंबर, कोरडा दिवस, शनिवार-रविवार किंवा बँक हॉलिडेची सकाळ असेल तर शक्यता चांगली. पोचल्यावर लॉक-कीपर, म्हणजे लॉक सांभाळणारा माणूस, दिसला की सरळ विचारा, ‘पुढची बोट कधी?’ कुठली बोट वर थांबली आहे, कुठली खालून येते आहे, हे त्याला माहीत असतं. दोन हंगामांत विशेष सांभाळा. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी जिना बंद असू शकतो (प्रश्न १३), आणि उन्हाळ्यात पाऊस कमी झाला तर पाणी वाचवण्यासाठी या कालव्यावर निर्बंध येतात.

९. बोट वर चढताना नेमकं काय बघायचं?

बोटीपेक्षा पाण्याकडे बघा. सुरुवातीला वरचे चारही हौद काठोकाठ भरलेले असतात आणि तळातला एकच रिकामा. बोट त्यात शिरते. आत शिरल्यावर ती खोल विहिरीत गेल्यागत दिसते, दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या ओल्या भिंती. मागचे दरवाजे मिटतात. आता दुसऱ्या हौदाच्या झडपा हँडलने उघडतात आणि त्यातलं सगळं पाणी पहिल्यात येतं. पहिला भरतो तसा दुसरा रिकामा होत जातो, आणि एका क्षणी दोन्हींची पातळी एक होते. तोवर हालायला तयार नसलेला लाकडी दरवाजा तेव्हा पाठीच्या रेट्याने सरकतो. बोट दुसऱ्यात जाते. मग तिसऱ्याचं पाणी दुसऱ्यात, चौथ्याचं तिसऱ्यात, पाचव्याचं चौथ्यात. फक्त शेवटच्या हौदाला वरच्या कालव्याचं पाणी लागतं.

एका हौदात किती पाणी मावतं? लांबी, रुंदी आणि साडेतीन मीटरच्या वरची चढण धरून हिशेब केला तर तीन लाख लीटरच्या आसपास. ते काही मिनिटांत खाली उतरतं. आवाज ऐकण्यासारखा असतो: आधी खर्जातली घरघर, मग पातळ्या जवळ येतील तसा हळूहळू विरत जाणारा.

१०. उतरताना तोच क्रम उलटा करायचा, एवढंच ना? आणि चूक झाली तर?

एवढंच नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. उतरणाऱ्या बोटीसाठी सर्वांत वरचा हौद भरलेला हवा आणि खालचे चारही रिकामे. बोटीखालचं पाणी खालच्या हौदात सोडायचं, तर तिथे आधी जागा असायला हवी. चढणाऱ्या बोटीला जी मांडणी लागते, तिच्या बरोबर उलट ही मांडणी.

भरलेल्या हौदात आणखी एक हौदभर पाणी सोडलं तर ते बाजूच्या दगडी सांडव्यातून वाहून जातं, आणि सांडव्यालाही झेपलं नाही तर काठावर येतं. चढताना वरचा हौद रिकामा निघाला तर बोट अर्ध्यावरच अडकते. म्हणूनच बिंगलीला कुणी आपल्या मनाने झडपा उघडायच्या नाहीत, लॉक-कीपरच्या देखरेखीखालीच सगळं होतं.

उतरणाऱ्या बोटीला आणखी एक धोका असतो. वरच्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला पाण्याखाली दगडी उंबरठा आहे. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. पाणी उतरू लागल्यावर बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला तर पुढचा भाग खाली जात राहतो आणि बोट बुडू शकते. काठावरच्या दगडावर पांढरी रेघ दिसेल, ती या उंबरठ्याची खूण. बोट चालवणारा सारखा मागे वळून बघत असतो तो त्या रेघेकडे.

११. चढणारी आणि उतरणारी बोट मध्येच एकमेकींना ओलांडू शकतात का?

बिंगलीत नाही. मध्ये कालव्याचा तुकडाच नसल्यामुळे (प्रश्न ४) एका दिशेच्या बोटी संपेपर्यंत दुसऱ्या दिशेच्यांनी थांबायचं. जिन्याची ही पहिली किंमत.

दुसरी किंमत पाण्याची. एक बोट चढून गेली की पाचही हौद भरलेले राहतात. पाठोपाठ दुसरी चढणारी आली तर फक्त तळातला रिकामा करायचा, की जिना तयार. म्हणजे बोटीमागे एक हौद पाणी. पण चढलेल्या बोटीनंतर लगेच उतरणारी सोडायची तर आधी चार हौद ओतून द्यावे लागतात, आणि पुन्हा दिशा बदलली की ते चार परत भरावे लागतात. म्हणून लॉक-कीपर बोटींचे गट करतो: आधी चढणाऱ्या सगळ्या, मग उतरणाऱ्या सगळ्या. ‘रिकामा दिसतोय, मग आम्हाला का थांबवलं?’ असं बोटवाल्यांना वाटतं, त्याचं उत्तर हे आहे.

१२. बांधलं कुणी? तेव्हा लोकांना काय वाटलं?

कालव्याचा कायदा १७७० मध्ये झाला. हॅलिफॅक्सचा जॉन लाँगबॉटम हा अभियंता. दगडकाम केलं ते आसपासच्याच गवंड्यांनी. बिंगली आणि शेजारच्या विल्सडेन गावातल्या या गवंड्यांची नावं नोंदीत टिकून आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. सुरू झालं त्या दिवशी सुमारे ३०,००० लोक जमले होते आणि पहिली बोट २८ मिनिटांत पार झाली, असं तेव्हाचं वृत्त आहे. संपूर्ण कालवा लिव्हरपूलपर्यंत जोडला जायला मात्र १८१६ उजाडलं. आज हा जिना ब्रिटनच्या वारसा यादीत सर्वोच्च, म्हणजे पहिल्या दर्जात आहे.

१३. दरवाजे इतके जुने आहेत? आणि हिवाळ्यात हौद कोरडे बघता येतात म्हणे?

दगड जुना, लाकूड नाही. ओकचे दरवाजे साधारण पंचवीस वर्षं टिकतात, मग नवे करून बसवावे लागतात. हे काम बोटींची वर्दळ नसताना, नोव्हेंबर ते मार्चमध्ये होतं. त्यासाठी हौद उपसतात. अशा वेळी ट्रस्ट कधी कधी लोकांना कोरड्या हौदात उतरून बघायची संधी देतो. ती दरवर्षी किंवा दर ठिकाणी मिळत नाही, जाहीर झाली की पटकन नाव नोंदवा. तळाशी उभं राहून वर बघितलं की उंबरठ्याची उंची आणि दगडांचे सांधे यांचा खरा अंदाज येतो.

१४. लहान मुलं, गुडघेदुखीवाले आई-बाबा, व्हीलचेअर: जमेल का?

बाजूची वाट पक्की आहे पण चढ खडा आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर गाडीने वर जावं, वरच्या सपाट काठावर निवांत बसावं. व्हीलचेअरलाही वरची बाजूच सोयीची. ढकलणारा दणकट असला तरी उतारावर ती आवरणं अवघड जातं.

मुलांचा हात सोडू नका. हौदांच्या काठाला सलग कठडा नाही, भिंती सरळ आणि निसरड्या, आणि पाणी उन्हाळ्यातही गार. दरवाज्यांवरच्या अरुंद फळ्या बोटवाल्यांच्या कामासाठी आहेत, फोटोसाठी त्यांवर चढू नये. पोहण्याचा तर विचारच नको. ड्रोनला ट्रस्टची परवानगी लागते.

१५. दरवाजा ढकलायला आम्ही मदत केली तर चालते का?

विचारून केली तर बहुधा आनंदाने चालते. लॉक-कीपर किंवा बोटीवरचे लोक ‘या’ म्हणाले की दरवाज्याच्या लांब लाकडी दांड्याला पाठ टेकायची, जमिनीतल्या उंचवट्याच्या विटांवर पाय रोवायचे आणि सावकाश रेटायचं. झटका देऊन काही होत नाही. पातळी एक झालेली नसेल तर दहा माणसांनाही तो हलणार नाही (प्रश्न ३). झडपांच्या हँडलला मात्र हात लावू नका. ते सुटून फिरलं तर हाड मोडतं.

१६. खाण्यापिण्याचं काय?

वरच्या टोकाला कॅफे आहे, पण वेळा हंगामावर अवलंबून. गाव जवळच आहे. डबा नेलात तर उत्तमच, बसायला जागा आहे.

१७. दिवसभराचा बेत आखायचा तर जोडून काय?

सॉल्टेअर, आणि तेही चालत. बिंगलीहून कालव्याच्या काठाने शिपलीच्या दिशेने साधारण तीन मैल, जवळजवळ सपाट, दीड तासाची रमतगमत चाल. वाटेत डाउली गॅपला दोन लॉकचा छोटा जिना आणि पुढे एअर नदीवरून सात कमानींवरून कालवा नेणारा पूल लागतो. खाली नदी आणि वर बोट, असं तिथे दिसतं. सॉल्टेअर हे टायटस सॉल्टने गिरणी कामगारांसाठी वसवलेलं गाव. गिरणी १८५३ मध्ये सुरू झाली आणि २००१ पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे. मुंबईच्या गिरणगावाशी घरोबा असलेल्यांना तिथे खूप काही बघायला मिळेल. परत बिंगलीला रेल्वेने एकच स्टेशन.

१८. या कालव्याचा आपल्याकडच्या कापसाशी संबंध होता का?

बिंगली हा लोकरीचा भाग. पण हाच कालवा पुढे लँकेशरमधल्या बर्नली, ब्लॅकबर्न अशा कापडगिरण्यांच्या गावांतून लिव्हरपूल बंदराला जातो. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांसाठी पश्चिम भारतातला कापूस मुंबईहून लिव्हरपूलला मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. त्या तेजीने मुंबई श्रीमंत झाली आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला. लँकेशरच्या या पट्ट्यातून जाताना ते आठवल्याशिवाय राहत नाही.

१९. जगातला सर्वांत मोठा जिना हाच का?

नाही. सर्वांत खडा ब्रिटनमध्ये, एवढाच दावा खरा आहे. लांबीला स्कॉटलंडमधला ‘नेपच्यून्स स्टेअरकेस’ मोठा, कॅलेडोनियन कालव्यावर टॉमस टेलफर्डने बांधलेला, आठ लॉकांचा. लेस्टरशरमधल्या फॉक्सटनला दहा लॉक आहेत, पण ते पाच-पाचांचे दोन जिने आहेत आणि मध्ये बोटी ओलांडायला जागा ठेवली आहे. विल्टशरच्या केन हिलला २९ लॉक ओळीने असले तरी प्रत्येकाच्या मध्ये पाणी आहे, म्हणून तो जिना नव्हे. वयाने थोर तो फ्रान्समधला बेझिएचा फोन्सेरान. १६८१ मध्ये खुल्या झालेल्या कनाल द्यु मिदीवरचा हा जिना, त्याचे हौद लंबगोल. चीनमध्ये थ्री गॉर्जेस धरणाला मालवाहू जहाजांसाठी पाच टप्प्यांचा जिना आहे. बिंगलीचं तत्त्वच तिथे अवाढव्य प्रमाणावर वापरलेलं दिसतं.

२०. भारतात लॉक बघायला मिळेल का?

जिना नाही, पण बोटींसाठीचं लॉक पश्चिम बंगालमध्ये फराक्का बंधाऱ्याजवळ आहे. ते राष्ट्रीय जलमार्गाचं चालू काम आहे, पर्यटनस्थळ नव्हे.

२१. स्वतः बोट भाड्याने घेऊन हा जिना चढता येईल का? अनुभव नसला तरी?

येईल. भाड्याने बोट देणारे सुरुवातीला चालवायला शिकवतात, वेगळा परवाना लागत नाही. तीन गोष्टी आधी बघा. पहिली, बोटीची लांबी. इथले हौद ६२ फुटी बोटींच्या मापाचे आहेत. इंग्लंडमध्ये ७० फुटी नॅरोबोटीही (कालव्यांवरच्या लांबट, अरुंद बोटी) सर्रास असतात, त्या इथे मावत नाहीत, म्हणून दुसऱ्या कालव्यावरून येणार असाल तर आरक्षण करतानाच विचारा. दुसरी, बोटीवर निदान तीन धडधाकट माणसं हवीत: एक सुकाणूवर, दोन काठावर. तिसरी, वेळ. शेवटची बोट आत घ्यायची वेळ उलटली की रात्र पायथ्याशी काढावी लागते.

नवख्यांना माझा सल्ला आहे की स्किप्टनकडून बोट घ्यावी. बिंगलीच्या माथ्यापासून गारग्रेव्हपर्यंत साधारण १७ मैल एकही लॉक नाही, हात बसायला भरपूर पाणी मिळतं. मग जिन्याच्या माथ्यावर बोट बांधा, लॉक-कीपरशी बोला आणि दुसऱ्याची बोट उतरताना पूर्ण बघून घ्या. आपली उतरवायची की नाही ते मग ठरवा. नाही म्हणालात तरी बोट वळवायला वरच्या बाजूला जागा आहे.